दीड ताऱ्याचा लेखक

बोईसर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

समिधाताईस,

कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार अर्धाच वाकून. उरलेला भेटीत.

तुझा आतेभाऊ आता नुसता केमिकल कंपनीतला शिफ्ट इन्चार्ज राहिलेला नाही. परवा शुक्रवारपासून तो पडद्यावर आहे. म्हणजे त्याचं नाव आहे, 'कथा-पटकथा' या शब्दांखाली, पावणेदोन सेकंद. मी स्वतः मोजले. माझ्या बायकोला, तेजलला, नेमकी तेव्हाच शिंक आली, त्यामुळे तिचं ते हुकलं.

सिनेमाचं नाव 'ज्वालाग्राही'. ते आमचे निर्माते कमलेशभाई यांनी सुचवलं. त्यांचा धंदा वापरलेल्या ड्रमांचा. त्यांचं म्हणणं, तारापूरच्या प्रत्येक टँकरच्या पाठीवर हा शब्द आधीच रंगवलेला आहे, मग पोस्टर कशाला छापायचे? मी मूळ गोष्ट लिहिली होती ती कारखान्यातल्या एका खुनाची. बायको नवऱ्याला मारते, बस. कमलेशभाई म्हणाले, "शैलेशभाई, मर्डर ठीक है, लेकिन थोडा गरम चाहिए." मी गरम केलं. किती अंशांपर्यंत, ते कोणी सांगितलं नव्हतं.

आता परीक्षणं. एका मोठ्या पेपराने दीड तारा दिला. वाक्य तसंच्या तसं लिहितो, कारण ते मला आता पाठ झालंय: 'प्रणयप्रसंग पाहताना प्रेमिकांनी हेल्मेट आणि हातमोजे घातले नाहीत, एवढंच काय ते चुकल्यासारखं वाटतं.' ताई, हा माणूस मुंबईत बसून मला ओळखतो. अठरा वर्षं मी बॅच शीटशिवाय दुसरं काही लिहिलेलं नाही, म्हणून तो प्रसंगही तसाच लिहिला. पायरी एक, नायक आत येतो. पायरी दोन, कडी लागल्याची खात्री करतो. पायरी तीन, तापमान हळूहळू वाढवावे. पायरी चार, अर्धा तास स्थिर ठेवावे. शूटिंगच्या दिवशी नायिकेने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, चौथ्या पायरीला आम्ही नेमकं काय करायचं?" मी म्हटलं, निरीक्षण.

दुसऱ्या पेपराने मात्र साडेतीन तारे दिले. 'मराठी सिनेमा वयात आला' असं लिहिलंय. तिसऱ्याने लिहिलंय की हा धड शृंगारपट नाही, धड गुन्हेपट नाही आणि धड सिनेमाही नाही. चौथ्याने लिहिलंय की खून पटत नाही. पाचव्याला खूनच काय तो पटला. सगळ्यांचं एकमत फक्त एका प्रसंगावर आहे, तो त्यांना आवडलाय, अगदी दीड तारावाल्यालासुद्धा. दोन मिनिटांचा आहे. विशेष काही नाही त्यात. ते जाऊ दे.

बोईसरच्या थिएटरात मात्र गर्दी आहे, कारण लोक सिनेमा बघायला येतच नाहीत, बोईसर बघायला येतात. शृंगार अगदी ऐन भरात आला असताना खिडकीतून रिक्षा स्टँड दिसतो. तिथे एक माणूस उभा राहून ओरडला, "अरे, माझी रिक्षा!" आणि सगळं थिएटर त्या दोघांना सोडून रिक्षेचा नंबर वाचायला लागलं.

घरी आल्यावर तेजलने आधी कुकर लावला. मग म्हणाली, "हे सगळं तुला माहीत होतं, तर चौदा वर्षं काय करत होतास?" याला मी कुठल्या समीक्षकाच्या आधाराने उत्तर देऊ?

तू मात्र तिथेच डोंगरात सुखी राहा. पाहण्यासारखं काही नाही, मी शपथेवर सांगतो. शिरगावला तात्यामामांना मी सांगून ठेवलंय की सिनेमा 'औद्योगिक सुरक्षितता' या विषयावर आहे. म्हणजे ते यायचे नाहीत.

तुझा,
शैलेश

करंजपाडा,
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

शैल्या,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. कंबर सोडून देते.

पत्र आज दुपारी पोस्टमनने दिलं. मुलांना पाढे म्हणायला लावून वाचायला घेतलं आणि चौथ्या पायरीला मला इतकं हसू फुटलं की तेराचा पाढा एकोणचाळीसवरच थांबला. मधल्या सुट्टीत बुधीलाही वाचून दाखवलं. बुधी म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवते ती. हसता हसता तिच्या हातातला डाव पातेल्यात पडला. तू फोनवर नुसता 'हो, हो' करतोस, पत्रात बोलतोस. इथे रेंज नाही आणि तुझ्या कंपनीच्या गेटवर मोबाइल काढून घेतात, हे आपल्या दोघांचं भाग्यच म्हणायचं.

आणि मला शेंड्या लावू नकोस. 'पाहण्यासारखं काही नाही' काय! तू लहानपणापासून असाच आहेस. वक्तृत्व स्पर्धेत दुसरा आलास तेव्हा घरी येऊन म्हणालास, 'दोघंच होतो.' मी जाऊन विचारलं, तर सोळा होते. स्वतःची टर उडवायला लागलास की समजायचं, स्वारी आतून खूश आहे.

म्हणून मी ठरवलंय. नऊ फेब्रुवारीच्या रविवारी मी येते. तात्या, माई आणि बुधी, आम्ही चौघं तुझा सिनेमा बघणार. बुधीने जन्मात थिएटर पाहिलेलं नाही. ती विचारते, "बाय, पडद्यावरची मानसा आपल्याला बगतात का?" आणि तात्यांचं म्हणशील तर तुझा डाव तुझ्यावरच उलटलाय. माईने त्यांच्या सांगण्यावरून मला लिहिलंय की भाच्याने कामगारांच्या जिवासाठी सिनेमा लिहिला, त्याला आपण नाही जायचं तर कोणी? भजनी मंडळालाही विचारणार होते, माईने अडवलं. चावट काही असेल तर मी त्यांना खोकला काढून बाहेर नेईन.

माझं ठीक चाललंय. प्रदीप बोईसरला आणि मी इथे. लोक हळहळतात की सरकारी बदलीने संसाराची दोन टोकं केली. बदली मी मागून घेतली आणि का घेतली, हे तुझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. तात्यांना यातलं काही कळलं नाही, एवढीच माझी सहा वर्षांची कमाई. त्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं होतं, तेव्हापासून माझी हिंमतच होत नाही. दर गणपतीत मी चार दिवस जाते, प्रदीपही येतो, जावई म्हणून पाटावर बसतो, आणि मी वाढते. तेवढं नाटक मला आता छान जमतं. मलाही एखादा तारा द्यायला सांग तुझ्या समीक्षकांना.

आणि तो सगळ्यांना आवडलेला प्रसंग कोणता ते कळव. विशेष काही नसलेल्या गोष्टीवर पाच समीक्षकांचं एकमत होत नसतं.

तुझी,
ताई

बोईसर,
मंगळवार, २८ जानेवारी २०२५

समिधाताईस,

कंबर सुटली, मान धरली. नमस्कार ताठ मानेने.

तुझं पत्र वाचून आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. पण येऊ नकोस. आता विनोद बाजूला ठेवून सांगतो. सिनेमा फारच टुकार आहे. आमच्या सेफ्टी ऑफिसरने तो पाहून मला लेखी कळवलंय की खुनाच्या प्रसंगात खुनी बाईने हातमोजे घातलेले नाहीत, त्यामुळे कामगारांत चुकीचा संदेश जातो. कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन उभा राहिलो की मागून कोणीतरी म्हणतं, "साहब, डाल का टेम्परेचर धीरे-धीरे बढ़ाऊँ?" काल एक ऑपरेटर खरोखरच्या बॅच शीटवर सही घ्यायला आला, आणि चौथ्या पायरीशी बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिला. अठरा वर्षांत कमावलेला दरारा सव्वादोन तासांत गेला.

तो प्रसंग विचारलास. एक बाई गॅलरीत कपडे वाळत घालते. झालं. मुंबईच्या समीक्षकांचं असं आहे की कपडे वाळत घालणारी बाई दिसली रे दिसली की त्यांना त्यात कला दिसते. त्यांच्या घरी वॉशिंग मशिनं असणार.

शिवाय नऊ तारखेला येऊन उपयोगही नाही. सिनेमा गुरुवारी, सहा तारखेला उतरतोय. तुम्ही चौघं एवढ्या लांबून याल आणि तिथे दुसराच कुठला तरी सिनेमा लागलेला असेल. त्यापेक्षा तात्यामामांना सांग, तब्येत सांभाळा, ऊन लागतं. माईमामीला सांग, मीच शिरगावला येऊन सगळी गोष्ट तोंडी सांगतो, शृंगार वगळून. दहा मिनिटांत संपेल.

तुझा,
शैलेश

ता. क. ताऱ्यांची सरासरी आता दोनावर आली आहे. आठवीत गणितात मला याहून कमी होते, त्यामुळे प्रगती आहे.

बोईसर,
शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

ताई,

नमस्कार.

काल बोईसरच्या बाजारात तात्यामामा भेटले. नऊ तारखेची चार तिकिटं काढायला ते स्वतः थिएटरवर जाऊन आले होते. सिनेमा उतरत नाहीये. 'लोकाग्रहास्तव चौथा आठवडा' असा कागद थिएटरवाल्यांनी आताच लावलाय. सहा तारखेचं मी खोटं लिहिलं होतं. काल तुझा फोन पंधरा वेळा लावला, पंधराही वेळा ती बाई 'संपर्क क्षेत्राबाहेर' म्हणाली. आजपासून आमचा शटडाऊन आहे, प्लांट थांबवून दुरुस्त्या करायच्या, म्हणजे दिवसभर मोबाइल गेटवर आणि मी आत. म्हणून हे पत्र धावत जाऊन टाकतोय. मंगळवारी तुला मिळेल, तू निघायच्या आत.

आता सांगतो. तो प्रसंग तुझा आहे.

सहा वर्षांपूर्वी तू मला चार पानांचं पत्र लिहिलं होतंस. प्रदीपभावजींच्या रंगाच्या कंपनीत काम करणाऱ्याचा घाम गुलाबी येतो. कितीही साबण चोळा, उशीचा अभ्रा गुलाबी होतोच. तुझ्या घरातला प्रत्येक अभ्रा तसा होता. आणि एका सकाळी तुला समोरच्या बिल्डिंगमध्ये, जिचा नवरा गल्फला होता तिच्या दोरीवर, तसाच डाग पडलेला अभ्रा दिसला. तू तेवढंच लिहिलं होतंस. भांडण नाही, रडणं नाही. खाली एक ओळ, 'हे तुलाच सांगितलं, कोणाला सांगू नकोस.' मी कोणाला सांगितलं नाही, ताई. मी ते पडद्यावर दाखवलं.

मला वाटलं होतं, कोणाला कळणार नाही. नाव बदललं. गाव बदललं. तुझा चष्मा काढला. तुला, म्हणजे तिला, चांगली चार इंच उंच केली. फक्त रंग बदलायचा राहिला. तो निळा करता आला असता, हिरवा करता आला असता, आणि माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण मी अठरा वर्षं इथे राहतो. शिफ्टच्या बसच्या सीटवर तो रंग असतो, रिक्षात असतो, चहाच्या कपाच्या कानावर असतो. मला तो दिसायचाच बंद झालाय. मुंबईच्या समीक्षकांनी लिहिलंय की गुलाबी हे नायिकेच्या दडपलेल्या इच्छेचं प्रतीक आहे. बोईसरच्या शेंबड्या पोरालाही कळतं की ते एका कंपनीचं चिन्ह आहे. आणि त्या कंपनीतल्या माणसाला तात्यामामांनी मुलगी दिली आहे.

मी तुला गेले दोन आठवडे हसवत होतो ते तू येऊ नयेस म्हणून. सिनेमा तितका वाईट नाही. सव्वादोन तासांत दोनच मिनिटं खरी आहेत, आणि ती मी लिहिलेली नाहीत.

येऊ नकोस. निदान त्या दोघांना आणू नकोस. मग माझं काय करायचं ते कर.

शैलेश

करंजपाडा,
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

शैलेश,

तुझं शनिवारचं पत्र काल मिळालं. आम्ही त्याआधीच, रविवारी, सिनेमा पाहिला.

सहा तारखेला उतरणार असं तू लिहिलंस, ते पत्र मला शुक्रवारी मिळालं. भावाचा पहिला सिनेमा आणि तो आपण बघायच्या आत उतरणार, म्हणून मी शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून बुधीला घेऊन बसमध्ये बसले. मी येऊन ठेपलेच होते, म्हणून तात्यांनी नऊ तारखेची तिकिटं रविवारची करून घेतली. तुला मुद्दाम कळवलं नाही. सिनेमा सुटल्यावर तुझ्या दारात उभं राहायचं आणि तुझी धांदल बघायची, असं ठरवलं होतं. माईने तुझ्यासाठी नारळाच्या वड्या केल्या होत्या.

सुरुवातीला मजा आली. पहिली ते तिसरी पायरी मी तात्यांच्या कानाशी खोकत राहिले. ते म्हणाले, "समिधा, पानी पी. मला सगला दिसतंय, नि मला समजतंय पन. मी काय कुकुलं बाल हाय?" बुधी पदर तोंडात धरून हसत होती. मीही हसत होते. मग ती बाई गॅलरीत आली.

मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की हिने चष्मा का काढलाय. मग दोरी दिसली, आणि मला पुढचं सगळं आधीच कळलं. थिएटरात एकदम शांतता झाली. मागच्या रांगेत कोणीतरी त्या कंपनीचं नाव घेतलं, हळू आवाजात, आपण घरात कोणाच्या आजारपणाचं बोलतो तसं. तुला आठवत नसेल, मला टायफॉइड झाला होता तेव्हा माई महिनाभर माझ्याकडे होती. ते अभ्रे तिने स्वतःच्या हातांनी धुतले होते. तिने अंधारात माझा हात धरला आणि म्हणाली, "बाय, ह्यो तर आपल्या जावयाचा रंग." ती पुढे म्हणाली, "नि ती बाय तू." तिने विचारलं नाही, सांगितलं.

तात्या शेवटपर्यंत बसून राहिले. मला वाटलं, त्यांना काही कळलेलं नाही, ते सुरक्षिततेचा संदेश यायची वाट बघतायत. बाहेर आल्यावर सावलीला उभे राहिले आणि म्हणाले, "कधीपासून?" म्हटलं, सहा वर्षं. ते म्हणाले, "नि मी त्याला दर गनपतीत आग्रह करून मोदक वाढलं." मी म्हटलं, तात्या, तुमच्या हृदयाला जपायचं म्हणून नाही सांगितलं. तेव्हा ते ओरडलेच. "माज्या हृदयाला काय धाड भरलीय? डॉक्टर तवाच बोलला, ग्यास हाय! तुमी बायका ऐकत नाय!" रस्त्यावरचे लोक बघायला लागले. मग ते तिथेच रडले. मी माझ्या बापाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. सहा वर्षं मी या डोंगरात एकटी राहिले, रविवारी भिंतींशी बोलले, ते एका ढेकरेसाठी.

बुधीचंही परीक्षण ऐक. परतीच्या बसमध्ये तिने मला विचारलं, "बाय, तिनं त्याला मारला कशाला? हाकलून द्यायचा." तुझ्या पाच समीक्षकांपैकी एकालाही हे सुचलं नाही. तुलाही सुचलं नाही. तू तिला खून करायला लावलास, कारण त्यानंतर अशी बाई काय करते ते तुला माहीत नव्हतं. मी तुला लिहिलं नव्हतं. त्या दिवशी पावसाची सर आली. समोरची बाई घरात नव्हती. मी खाली उतरले, तिच्या जिन्याने वर गेले, तिचे कपडे दोरीवरून काढले, तो अभ्राही काढला, सगळ्यांच्या घड्या केल्या आणि तिच्या दाराशी ठेवून आले. भिजले असते ना. हे मला आजवर कोणालाही सांगता आलं नाही, कारण मला त्याची लाज वाटते आणि कधीकधी अभिमानही वाटतो. त्याच संध्याकाळी मी बदलीचा अर्ज लिहिला.

आता तुझ्याबद्दल. मी रागावले आहे. तू सिनेमा लिहिलास म्हणून नाही. तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, आणि ते तुला ठाऊक होतं, म्हणून तू विचारलं नाहीस. त्याहून राग येतो तो त्या विनोदांचा. मी ती पत्रं दोन-दोनदा वाचली, बुधीला वाचून दाखवली, इथे इतकं हसायला फारसं काही मिळत नाही. आणि तू ते मला दारातून मागे ढकलायला लिहीत होतास.

परिणाम चांगला झाला असं तू स्वतःला सांगशील. माईने त्याच संध्याकाळी प्रदीपचा पाट माळ्यावर टाकला. तात्या पुढच्या आठवड्यात वकिलाकडे यायचं म्हणतायत. मला सहा वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोप लागली. हे सगळं खरं आहे. पण ते तू केलेलं नाहीस. तुझ्या हातून सांडलं, एवढंच.

हे पत्र शेवटचं. तेव्हा मला सांगायला तू एकटाच होतास, म्हणून तुला सांगत होते. आता माझ्याजवळ माझी माणसं आहेत.

समिधा

बोईसर,
रविवार, २३ मार्च २०२५

ताईस,

नमस्कार. हे चौथं. आधीच्या तिन्हींना उत्तर आलं नाही, ते बरोबरच आहे. याला द्यावंस असंही नाही.

गंमत करणार नाही असं ठरवून बसलोय, त्यामुळे अर्धा तास झाला, एवढंच लिहून झालंय. तेजल म्हणते, तुला दुसरं काही येतच नाही. तुझी पत्रं तिने वाचली. मीच दिली. त्या दिवसापासून ती मला काही सांगायचं झालं की आधी विचारते, "हे सिनेमात नाही ना जाणार?" हसत विचारते, पण विचारतेच.

सिनेमा आता घराघरात मोबाइलवर येणार आहे. त्याआधी तो प्रसंग काढा म्हणून मी कमलेशभाईंच्या आणि दिग्दर्शकाच्या पाया पडलो. निदान रंग तरी बदला म्हटलं, कॉम्प्युटरवर होतं ते. दिग्दर्शक म्हणाला, सर, लोकांनी त्या गुलाबीवर लेख लिहिलेत. मी म्हटलं, ते प्रतीक नाही, तो माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा घाम आहे. तो म्हणाला, हेही मुलाखतीत सांगा, छान वाटेल. मग मी माझं नाव काढून टाकायला सांगितलं. ते मात्र त्यांनी लगेच मान्य केलं. माझ्या पावणेदोन सेकंदांत आता एका मोटर गॅरेजची जाहिरात बसली आहे.

तुझ्याबद्दल मला काही कळत नाही. शिरगावला गेलो होतो. तात्यामामांनी 'बस' म्हटलं, पाणी दिलं, आंब्याच्या मोहोराबद्दल बोलले. माईमामी आतून बाहेर आली नाही. तू कोर्टात गेलीस का, बदली मागितलीस का, की तिथेच राहणार आहेस, मी विचारलं नाही. विचारायचा हक्क माझ्याकडे नाही हे मला एवढ्या उशिरा कळलं.

काल कमलेशभाई दुसरा भाग काढायचं डोक्यात घेऊन आले. नायिका तीच, समीक्षकांना आवडलेली. वही उघडून, पेनचं टोपण काढून समोर बसले आणि म्हणाले, "बोलो शैलेशभाई, वो औरत आगे क्या करती है?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

शैलेश